कॅथलिक व्हायचं, पण का?

समजा, एक माणूस कॅथलिक चर्चमध्ये येतो आणि सरळ विचारतो, "मी कॅथलिक का व्हावं?" त्याला मिळणारी उत्तरं साधारण अशी असतात. "रविवारी मिस्साला, म्हणजे आमच्या उपासनेला, येऊन तर बघा." "प्रार्थना करा, आपोआप उमगेल." "आमच्यात फार आपुलकी आहे हो." "तसे सगळे धर्म चांगलेच, पण आम्हाला इथं मनःशांती मिळते." यातलं एखादं वाक्य खोटं असेल असं नाही. पण त्यानं ‘का’ विचारलं होतं आणि त्याला ‘कसं वाटतं’ ते सांगण्यात आलं. तो विचारी असेल तर मान डोलावून निघून जातो. फारसा विचार करणारा नसेल तर कदाचित राहतोही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथून सुरू होते.

धर्मांतर म्हटलं की बहुतेकांना दोनच वाटा आठवतात, धाकाची आणि आमिषाची. तिसरी वाट पटण्याची. समोरच्यापुढे आपली कारणं मांडायची, त्याचे आक्षेप ऐकायचे, आणि निर्णय त्याच्यावर सोडायचा. कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण पहिल्या दोन वाटा बंद करते आणि तिसरी उघडी ठेवते. गंमत अशी, की आज खुद्द कॅथलिकच या तिसऱ्या वाटेनं जायला कचरतात.

पौलाला वेडा ठरवलं तेव्हा

बायबलच्या नव्या करारात येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात (३:१५) एक सूचना आहे. तुमच्या मनातल्या आशेबद्दल जो कोणी विचारेल त्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण ते सौम्यपणे आणि आदरानं द्या. पत्र ज्यांना लिहिलं ते लोक सुखात नव्हते. श्रद्धेपायी त्यांची निंदा होत होती, छळ होत होता. अशांना ‘गप्प बसून चांगलं वागा’ एवढंच सांगता आलं असतं. पेत्रानं चांगलं वागा हेही सांगितलं आणि उत्तर तयार ठेवा हेही सांगितलं.

उत्तर तयार असणं म्हणजे काय, ते ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सव्विसाव्या अध्यायात दिसतं. कैसरियात रोमन सुभेदार फेस्त याचा दरबार भरलाय. अग्रिप्पा राजा आणि त्याची बहीण बर्णीका मोठ्या थाटामाटात आले आहेत, सेनापती आहेत, शहरातले प्रतिष्ठित आहेत. त्यांच्यासमोर येशूचा संदेश सांगत फिरणारा प्रेषित पौल कैदी म्हणून उभा आहे. तो आपली हकिकत सांगतो आणि येशू मेलेल्यांतून उठला इथवर येतो, तेव्हा फेस्त मध्येच ओरडतो, "पौला, तू वेडा आहेस! फार शिकून तुझं डोकं फिरलंय." पौल शांतपणे म्हणतो की मी वेडा नाही, खरं आणि शुद्धीवर राहून बोलतोय. मग राजाकडे वळून तो सांगतो की ही गोष्ट काही कोपऱ्यात घडलेली नाही, आणि विचारतो, "अग्रिप्पा महाराज, संदेष्ट्यांवर आपला विश्वास आहे ना?"

दोन वाक्यांत त्यानं दोन कामं केली. एक, घटना उघड्यावर घडलीय, तपासून घ्या. दोन, जे धर्मग्रंथ राजाला आधीपासून मान्य होते त्यांच्याच आधारे तो बोलला. राजा टोमणा मारतो की एवढ्या थोडक्यात मला ख्रिस्ती करायला निघालास! त्यावर पौलाचं उत्तर असं, की थोडक्यात असो वा पुष्कळ बोलून, आपण आणि इथले सगळेच माझ्यासारखे व्हावेत हीच इच्छा, फक्त या बेड्या सोडून.

बेड्या घातलेला माणूस राजाला कसलं आमिष दाखवणार? धाक तरी काय घालणार? त्याच्यापाशी कारणांशिवाय काहीच नव्हतं. कॅथलिक धर्मप्रसार कसा असावा याचा एकच नमुना निवडायचा झाला तर मी हा दरबार निवडेन. आणि अग्रिप्पा ख्रिस्ती झाल्याची नोंद नाही, हेही त्या नमुन्यातच येतं.

अथेन्समध्ये तोच पौल पूर्ण वेगळ्या पद्धतीनं बोलतो. तिथल्या लोकांना यहुदी धर्मग्रंथ ठाऊक नव्हते, म्हणून त्यानं ‘अज्ञात देवाला’ वाहिलेल्या त्यांच्या वेदीपासून सुरुवात केली आणि त्यांच्याच कवींचे दाखले दिले. काही हसले, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि दियोनिसियस, दामारी आणि आणखी काही जणांनी विश्वास ठेवला.

मग संकोच कशाचा?

एक कारण सरळ आहे. अनेक कॅथलिकांना स्वतःलाच उत्तर माहीत नसतं. लहानपणी धर्मशिक्षणात पाठ केलेली प्रश्नोत्तरं मोठेपणी कोणी उलटतपासणीला घेतलेली नसतात. यावर फार बोलण्यासारखं काही नाही. वाचायला हवं, एवढंच.

दुसरं कारण जास्त खोल आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी चर्चविषयीचा आपला मोठा दस्तऐवज काढला. त्यात असं म्हटलंय, की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता, म्हणजे त्याचा संदेश, ठाऊक नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीनुसार वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. ही भूमिका अगदी नवी नव्हती, पण आता ती ठळकपणे समोर आली. त्यातून पुष्कळांनी काढलेला निष्कर्ष असा: सगळ्यांनाच वाट मोकळी असेल, तर मग कोणाला काही सांगायचं कशाला? पूर्वी ‘नाहीतर नरकात जाल’ हे एक कारण हाताशी होतं. ते मागे पडलं आणि त्याच्या जागी दुसरं काही मांडायचं राहून गेलं. धर्मप्रसार थांबला नाही, पण त्यातला ‘का’ पुसट झाला.

वास्तविक त्याच परिच्छेदात पुढे सुवार्ता सांगत राहण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे. आणि तर्कही अवघड नाही. एखादी गोष्ट माहीत नसल्याबद्दल कुणाला शिक्षा होणार नाही, यावरून ती माहीत करून देऊ नये असं ठरत नाही. देव माणूस झाला आणि त्यानं माणसाशी नातं जोडलं हे खरं असेल, तर ते कळणं ही स्वतःच मोठी गोष्ट आहे. खरं नसेल, तर कॅथलिक होण्यात काहीच राम नाही. म्हणजे शेवटी प्रश्न ‘हे खरं आहे का’ इथंच येऊन ठेपतो, आणि तिथं कारणांवाचून गत्यंतर नाही.

तिसरा संकोच ‘आम्ही वागण्यातून सांगतो’ या वाक्यामागे लपतो. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर एक वचन फिरत असतं की सुवार्ता सतत सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा. फ्रान्सिसच्या लिखाणात हे वचन कुठेच सापडत नाही, आणि ते त्याला शोभतही नाही. तो गावोगाव प्रवचनं करत हिंडला आणि १२१९ साली पाचव्या धर्मयुद्धाच्या धामधुमीत इजिप्तच्या सुलतानासमोर जाऊन बोलला. शब्द काटकसरीनं वापरणारा माणूस एवढ्या लांब जात नाही.

पोप सहावे पॉल यांचं एक वाक्यही असंच अर्धवट वापरलं जातं. ८ डिसेंबर १९७५ च्या त्यांच्या धर्मप्रसारावरच्या पत्रात ते म्हणतात की आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचं जास्त ऐकतो, आणि शिक्षकांचं ऐकलंच तर ते साक्षीदार असतात म्हणून. हे सगळीकडे उद्धृत होतं. पण त्याच पत्राच्या बाविसाव्या परिच्छेदात त्यांनी बजावलंय की आचरणाची साक्ष कितीही उत्तम असली तरी ती समजावून सांगितली नाही, तिचं समर्थन केलं नाही, तर शेवटी निष्प्रभ ठरते. आणि तिथंच त्यांनी पेत्राच्या पत्रातल्या त्या सूचनेचा हवाला दिलाय. एक्केचाळीसावा परिच्छेद लोकप्रिय झाला, बाविसावा कपाटात राहिला.

अलीकडच्या पोपनी धर्मांतराच्या मागे लागण्याला विरोध केला, हाही आक्षेप घेतला जातो. पोप सोळावे बेनेडिक्ट २००७ साली म्हणाले होते की चर्च माणसांच्या मागे लागून वाढत नाही, आकर्षणानं वाढतं. पोप फ्रान्सिस यांनी ते अनेकदा उचलून धरलं. पण याच बेनेडिक्टनी आयुष्यभर श्रद्धा आणि बुद्धी यांच्या मैत्रीबद्दल लिहिलं. आणि फ्रान्सिस यांच्या २०१३ च्या पत्रात विज्ञान आणि आधुनिक विचारांशी बोलताना श्रद्धा विश्वासार्ह कशी, हे नव्यानं, कल्पकतेनं मांडण्याची मागणी आहे. माणसाला पिडणं वेगळं आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर देणं वेगळं. ३ डिसेंबर २००७ रोजी व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत विभागानं या गोंधळावरच एक टिपण काढलं. त्याचा मथितार्थ असा, की प्रामाणिकपणे एखाद्याच्या बुद्धीला आणि स्वातंत्र्याला साद घालणं हे त्याच्या स्वातंत्र्यावरचं अतिक्रमण होत नाही.

कारण नसेल तर काय उरतं?

माणूस धर्म बदलतो तेव्हा त्याच्या मनात काही ना काही कारण असतंच. ते ‘हे खरं आहे म्हणून’ असं नसेल, तर दुसरं काहीतरी असतं. लग्न ठरलंय, शाळेत प्रवेश हवाय, आजारपणात मदत झालीय, एकटेपणा आहे आणि इथं माणसं भेटतात, फादर फार चांगले आहेत. यातली काही कारणं हिशोबी आहेत, काही अगदी जिव्हाळ्याची. पण कॅथलिक शिकवण खरी आहे की नाही, याच्याशी यातल्या कुठल्याही कारणाचा थेट संबंध नाही.

खुद्द येशूलाही या गोष्टीला तोंड द्यावं लागलं. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, सहाव्या अध्यायात पाच हजार लोकांना भाकरी मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी जमाव त्याला शोधत येतो. तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही चिन्हं पाहिलीत म्हणून आला नाहीत, पोटभर भाकरी खाल्लीत म्हणून आलात. मग तो आपली सर्वांत अवघड शिकवण सांगतो, आणि संख्या घटते. पुष्कळ शिष्य निघून जातात. तो त्यांना परत बोलवायला नवी भाकरी देत नाही. बारा जणांना विचारतो, "तुम्हालाही जायचंय का?" आजच्या कुठल्याही प्रचारतज्ज्ञानं त्याला कामावरून काढून टाकलं असतं.

सुरुवातीच्या चर्चनं हा धडा नीट घेतला होता. तिसऱ्या शतकाच्या आसपासच्या रोमन प्रथा सांगणारा, हिप्पोलितसच्या नावावर असलेला एक नियमग्रंथ आहे. त्यात नवीन येणाऱ्याला सगळ्यात आधी विचारायचं ते हे, की तू श्रद्धेकडे कशासाठी आलास? त्याला घेऊन येणाऱ्यांनी त्याच्याबद्दल साक्ष द्यायची. मग साधारण तीन वर्षं ऐकणं, शिकणं, आणि त्यानंतर बाप्तिस्मा.

संत ऑगस्टीननं इ.स. ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनला (धर्मगुरूच्या खालच्या पदावरच्या सेवकाला) याच विषयावर सविस्तर सल्ला दिला. नवख्यांना शिकवताना मला कंटाळा येतो, काय करू, अशी या डीकनची तक्रार होती. ऑगस्टीनचा सल्ला आजही ताजा वाटतो. येणाऱ्याला विचार की तू का आलास. त्याच्या ओळखीच्यांकडूनही आधी माहिती काढ. तो कुणाकडून काही मिळावं म्हणून किंवा कुणाची नाराजी टळावी म्हणून आला असेल, तर त्याला खरं ख्रिस्ती व्हायचंच नाहीये, तो सोंग करतोय. असा माणूस तुझ्या प्रश्नाला अर्थातच खोटं उत्तर देईल, म्हणेल, मला देवाची ओढ लागलीय. तर त्या खोट्या उत्तरापासूनच सुरुवात कर! त्याला उघडं पाडू नकोस. त्यानं जे कारण सांगितलं ते खरोखर किती मोठं आणि सुंदर कारण आहे हे असं समजावून सांग, की जे असल्याचा त्यानं आव आणला ते आपल्याला खरोखरच असावं असं त्याला वाटू लागेल.

मला हा सल्ला विलक्षण वाटतो. लोभानं आलेल्याला हाकललं नाही आणि लोभावर तसंच पुढेही नेलं नाही. चुकीचं कारण बाजूला करायचं तर त्या जागी योग्य कारण ठेवावं लागतं, हे यात गृहीत धरलंय.

कॅथलिक चर्च या बाबतीत नेहमीच शुद्ध राहिलं असं कोणी म्हणू नये. आठव्या शतकाच्या अखेरीस फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन यानं सॅक्सन लोकांवर विजय मिळवल्यावर जो कायदा लादला, त्यात बाप्तिस्मा टाळणाऱ्याला मृत्युदंड होता. त्याच्याच दरबारातल्या आल्क्विन या विद्वानानं हा प्रकार पाहून ७९६ साली खडसावणारी पत्रं लिहिली. श्रद्धा इच्छेनं ठेवायची गोष्ट आहे, माणसाला तिच्याकडे आकर्षून घेता येतं, जबरदस्ती करता येत नाही. बाप्तिस्म्यापर्यंत रेटता येईल, पण त्यातून श्रद्धा निपजत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आधी शिकवा, मग बाप्तिस्मा द्या, हा क्रम त्यानं पुन्हा बजावला. पुढच्या शतकांत तो क्रम पुन्हा पुन्हा मोडला गेला.

७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं दोन दस्तऐवजांत हे पक्कं केलं. धर्मस्वातंत्र्यावरच्या जाहीरनाम्यात गरीब आणि अशिक्षित लोकांच्या बाबतीत दडपणाचा वासही येता कामा नये, असं बजावलंय. मिशनकार्यावरच्या आदेशात बळजबरी आणि अयोग्य क्लृप्त्यांना सक्त मनाई आहे, आणि त्यापुढचं वाक्य फारसं कुणी वाचत नाही: धर्मांतरामागचे हेतू तपासले जावेत आणि गरज असेल तर शुद्ध केले जावेत. हेतू शुद्ध करायचा तर त्याच्या जागी काहीतरी द्यावं लागणार. ते ‘काहीतरी’ म्हणजेच कारणं.

कारणं दिली की समोरच्याच्या हाती एक हत्यार येतं, हेही लक्षात घ्यायला हवं. ‘इथं बरं वाटतं’ हे खोडून काढता येत नाही. ‘येशू मेलेल्यांतून उठला आणि त्याचे हे पुरावे’ हे तपासता येतं, नाकारता येतं. भावनेवर ओढणारा स्वतः सुरक्षित राहतो. कारण देणारा मात्र स्वतःला उघडं करतो. म्हणून मला कारणं देणं हे दडपणाच्या अगदी उलट टोकाचं वाटतं.

आणि कारणं न देता आत आणलेल्या माणसाचं पुढे काय होतं? तो चांगल्या फादरमुळे आला असेल, तर फादर बदलून गेले की सैल पडतो. समाजाच्या आपुलकीमुळे आला असेल, तर पहिल्या भांडणात दुरावतो. धर्मगुरूंनी केलेल्या लैंगिक अत्याचारांची आणि ते दडपणाऱ्या बिशपांची प्रकरणं अनेक देशांत बाहेर आली, तेव्हा ‘चांगली माणसं’ हेच ज्यांचं कारण होतं त्यांच्या पायाखाली काही उरलं नाही. ज्यांच्यापाशी दुसरी कारणं होती त्यांनाही धक्का बसला, संताप आला, पण तो संताप व्यक्त करायलाही त्यांना एक आधार होता. या पापांचं उत्तर देणं हाही आता कारणं देण्याचाच भाग आहे. तो प्रश्न टाळून बाकीचे तत्त्वज्ञानाचे मुद्दे मांडणाऱ्याचं कोणी ऐकू नये, आणि कोणी ऐकतही नाही.

कारणं कसली, आणि किती भक्कम?

इथं दोन टोकं टाळावी लागतात. काहींना वाटतं, श्रद्धेला बुद्धीची गरजच नाही. एकोणिसाव्या शतकात स्ट्रासबर्गचे लुई बोतँ हे धर्मगुरू आणि प्राध्यापक जवळपास असंच शिकवत होते. त्यांच्या भक्तीबद्दल शंका नव्हती, तरीही १८४० साली चर्चनं त्यांच्याकडून लिहून घेतलं की बुद्धीनं देवाचं अस्तित्व निश्चितपणे सिद्ध करता येतं. पुढे २४ एप्रिल १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं हीच बाजू सिद्धांत म्हणून मांडली: सृष्टीवरून देवाला बुद्धीच्या स्वाभाविक प्रकाशात ओळखता येतं, आणि श्रद्धा ही मनाची आंधळी उडी मुळीच नाही. मात्र त्रैक्यासारखी (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) रहस्यं बुद्धीच्या पलीकडची आहेत, ती फक्त देवानं सांगितली म्हणून कळतात, असंही त्याच परिषदेनं ठरवलं. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही हीच मांडणी आहे. बुद्धी दारापर्यंत नेते आणि दार योग्य घराचं आहे याची खात्री पटवते. आत जाणं देवाच्या कृपेनं होतं.

दुसरं टोक म्हणजे सगळं गणितासारखं सिद्ध करायला निघणं. यावर तेराव्या शतकातले धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांचा इशारा आहे. जगाला आरंभ आहे ही श्रद्धेची गोष्ट आहे, ती तर्कानं सिद्ध होत नाही, असं सांगून ते पुढे म्हणतात की लंगडे युक्तिवाद पुढे करू नका. नाहीतर अश्रद्ध लोक हसतील आणि समजतील, आपण याच कारणांवर विश्वास ठेवतो. धर्मप्रसारकाच्या टेबलावर चिकटवून ठेवावं असं हे वाक्य आहे.

एक उदाहरण जवळून बघू. पौलानं करिंथकरांना इ.स. ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात एक यादी आहे: पुनरुत्थित येशू पेत्राला दिसला, बाराजणांना दिसला, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक जणांना, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोबाला, सर्व प्रेषितांना, आणि शेवटी मला. घटनेनंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी हे लिहिलं गेलं. ‘बहुतेक हयात आहेत’ म्हणजे जाऊन विचारा, असंच आमंत्रण झालं. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर आधी दिसते ती स्त्रियांना, आणि त्या काळच्या समाजात स्त्रीच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. गोष्ट रचायची असती तर कोणी हे साक्षीदार निवडले नसते. शिवाय पौल स्वतः आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा होता, त्याला या गोष्टीतून मिळाले ते फटके आणि तुरुंग.

याला उत्तरं आहेत. शिष्यांना दुःखाच्या भरात भास झाले असतील. शुभवर्तमानं पौलाच्या पत्रानंतरची, मधल्या काळात गोष्ट वाढली असेल. पाचशे जणांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. धर्मप्रसारकाला हे आक्षेप त्यांच्या सर्वांत जोरदार रूपात माहीत हवेत. आणि ‘बाराही प्रेषित हुतात्मे झाले, खोट्यासाठी कोण मरेल’ हे सरसकट वाक्य त्यानं टाळावं. पेत्र, पौल, जब्दीचा मुलगा याकोब यांच्या मृत्यूला चांगला आधार आहे. बाकी कित्येकांच्या कथा बऱ्याच उशिराच्या आहेत. अक्वायनस ज्या हसण्याबद्दल बोलतात ते नेमकं इथं ऐकू येतं.

मग एवढ्यावर कोणी आयुष्य पालटावं का? एकट्या या मुद्द्यावर नाही. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज विचारवंत जॉन हेन्री न्यूमन यांनी यासाठी दोरखंडाचा दाखला दिला. एकेक धागा घेतला तर कमजोर, पण पुष्कळ धागे एकत्र पिळले की लोखंडी कांबीइतकं बळ येतं. जगाला कारण असावं हा एक धागा. सदसद्विवेकबुद्धीचा आतून येणारा आवाज हा दुसरा. इस्राएलचा इतिहास, येशूचं चरित्र, पुनरुत्थानाची साक्ष, संतांची आयुष्यं हे बाकीचे. न्यायालयातही आपण असंच ठरवतो, मित्रावर विश्वास टाकतानाही.

न्यूमन यांची स्वतःची वाट ‘कॅथलिकच का’ या प्रश्नाची होती. ते ऑक्सफर्डमधले नावाजलेले अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडचे) धर्मगुरू, ख्रिस्तावर श्रद्धा होतीच. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांचा अभ्यास करता करता त्यांना प्रश्न पडू लागला की हे लोक आजच्या कोणत्या चर्चमध्ये परके वाटणार नाहीत? त्या लेखकांत अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस येतो. दुसऱ्या शतकाच्या आरंभी, वधासाठी रोमकडे नेलं जात असताना त्यानं स्मुर्णाच्या लोकांना पत्र लिहिलं. मिस्सातली भाकर आपल्या तारणाऱ्याचं शरीर आहे हे त्यात आहे, बिशपला धरून राहण्याचा आग्रह आहे, आणि ‘कॅथलिक चर्च’ हे शब्द पहिल्यांदा तिथंच सापडतात. पुढे इ.स. १८० च्या सुमारास लियाँचा बिशप इरेनियस रोमच्या बिशपांची पेत्र-पौलापासून आपल्या काळापर्यंतची यादी देतो. हे धागे न्यूमन यांनी वर्षानुवर्षं तपासले. १८४३ साली ऑक्सफर्डच्या विद्यापीठ चर्चमधलं पद सोडलं, आणि ९ ऑक्टोबर १८४५ रोजी ते कॅथलिक झाले. मित्र तुटले, मान गेला.

सगळेच काही न्यूमन नसतात, आणि सगळ्यांकडे इतका वेळही नसतो. अक्वायनस यांनीच म्हटलंय की देवाबद्दलचं सत्य फक्त तर्कानं गाठायचं ठरवलं तर ते थोड्यांनाच, फार उशिरा आणि पुष्कळ चुकांसह सापडेल. म्हणून कारण म्हणजे पुस्तकच लागतं असं नाही. एडिथ श्टाइन ही तत्त्वज्ञानाची अभ्यासक, नास्तिक झालेली ज्यू मुलगी. १९१७ साली तिचे शिक्षक आणि मित्र आडोल्फ रायनाख युद्धात मारले गेले. त्यांच्या पत्नीला भेटायला जाताना काय बोलावं हे तिला सुचत नव्हतं. पण ती विधवा, नुकतीच ख्रिस्ती झालेली, ज्या धीरानं दुःख पेलत होती ते पाहून एडिथच्या अविश्वासाला तडा गेला. तो धीर तिच्यासाठी पुरावाच होता, कारण त्याचं स्पष्टीकरण तिच्या जुन्या विचारांत बसत नव्हतं. मात्र तिनं लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. वाचन, विचार, शंका यांत आणखी काही वर्षं गेली. १ जानेवारी १९२२ ला ती कॅथलिक झाली. आचरणानं प्रश्न उभा केला, आणि त्याचं उत्तर शोधायला चर्चकडे अठराशे-एकोणीसशे वर्षांची लिहिलेली, वाद घातलेली परंपरा होती. ती नसती तर तो धीर एका भल्या बाईचा धीर एवढाच राहिला असता.

ऐकून ‘नाही’ म्हणणारे

कारणं चांगली असली म्हणजे ऐकणारा मानेलच असं कॅथलिक चर्च कधीच म्हणत नाही. अक्वायनस यांचं निरीक्षण असं, की एकच चमत्कार पाहणाऱ्यांत, एकच प्रवचन ऐकणाऱ्यांत काही विश्वास ठेवतात, काही नाही. विश्वास ही शेवटी देवाची देणगी आहे, ती वादात जिंकून कुणाच्या हाती ठेवता येत नाही. ज्यानं कारणं ऐकून नकार दिला त्याचा नकारही त्याचा स्वतःचा असतो, आणि १९८३ चा चर्चचा कायदा त्याला संरक्षण देतो: सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध कुणालाही कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसऱ्या शतकातला जस्टिन हा तत्त्वज्ञ अनेक विचारपंथ पालथे घालून ख्रिस्ती झाला होता, आणि पुढे रोममध्ये हुतात्मा झाला. त्यानं त्रिफो नावाच्या ज्यू विद्वानाशी झालेली दोन दिवसांची लांबलचक चर्चा लिहून ठेवली आहे. जस्टिन त्यात कधीकधी चांगलाच तिखट बोलतो, त्रिफोही सोडत नाही. जुन्या करारातलं वचन न् वचन काढून वाद होतो. शेवटी त्रिफो ख्रिस्ती होत नाही. तो म्हणतो की भेट अचानक झाली, पण अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं. असं वारंवार बोलता आलं तर धर्मग्रंथ समजून घ्यायला आणखी मदत होईल. तुम्ही जहाजानं निघणार आहात, गेल्यावर आम्हाला मित्र समजून आठवण ठेवा. जस्टिन त्यांच्यासाठी प्रार्थना करतो आणि ते निरोप घेतात. आपल्या कारणांनी न पटलेल्या माणसाची हकिकत जस्टिननं स्वतः लिहिली, आणि त्रिफोचे आक्षेप त्यात तसेच ठेवले.